हद्द

खसब बंदराच्या मागे, टायरच्या दुकानाला लागून
माझं टेबल. अर्ज टाइप करून मिळतात.
एसी ऐकू येतो, लागत नाही.

खमीस आला तोही गुरुवारी,
नावाचा अर्थ तोच, गुरुवार.
डोंगरातला शिहूह. अकरा वर्षं पहारा-फौजेत,
जिच्यात त्याच्याच जमातीची पोरं घेतात,
कारण त्या कड्यांवरच्या वाटा
नकाशाला माहीत नाहीत, शेळ्यांना आहेत.

हातात एका ओळीचं पत्र.
सही मावसभावाची, तोच फौजेचा नायक.
कारणाच्या जागी कोरं.
कारण त्यानं मला चहा संपल्यावर सांगितलं:
रात्री पलीकडून आलेली होडी, इंजिन गेलेलं,
आत सिगारेटची खोकी
आणि तापानं फणफणलेला एक पोरगा.
यानं होडी ओढून काठाला लावली.
खोकी मोजायची राहून गेली.

"म्हणजे बडतर्फ," मी सवयीनं मराठीत पुटपुटलो.
त्यानं त्यातला 'तरफ' नेमका उचलला. बाजू. कड.
"हो," म्हणाला, "कडेला लावलं."

या धंद्यात मला भाषांतर निम्मंच करावं लागतं.
दावा तोच, वकील तोच, तारीख तीच, मुदतही जवळपास तीच.
बाणकोटच्या खाडीत कधीकाळी उतरलेले शब्द,
माझ्या बापाच्या वहिवाटीच्या खटल्यात सतरा वर्षं झिजले
आणि माझ्याबरोबर विमानानं परत आले.

कामगार न्यायालय म्हणालं,
गणवेश घालतो तो कामगार नव्हे.
मस्कतचं मोठं न्यायालय म्हणालं,
फौज जमातीची, शेखांनी उभी केलेली,
हा सरकारी नोकर कसा?
मजलिसीत शेख दाढीवरून हात फिरवत म्हणाले,
कोर्टाची पायरी चढलास ना? मग आता तिकडेच.

आमच्याकडे म्हणतात, हा आमचा प्रांत नव्हे.
इतके प्रांत, आणि माणसाला
उभं राहायला वीतभर जागा नाही.

अकराव्या महिन्यात त्यानं खिशातून
सामान जमा केल्याची पावती काढली, घामानं मऊ झालेली.
बूट, एक जोड. शिट्टी एक. बॅटरी एक, सेलविना.
कुऱ्हाड एक, क्रमांक सत्याहत्तर, सरकारी मालमत्ता.

"कुऱ्हाड फौजेची?"
"आजोबांची."
लांब दांड्याची, मुठीएवढ्या पात्याची,
इकडचे पुरुष काठीसारखी हातात धरतात ती.
भरती झाला तेव्हा तीच घेऊन गेला होता,
कुणीतरी दांड्यावर पांढऱ्या रंगानं आकडा घातला.
नोकरीबद्दल तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता.
इथे बोलला.

मी पावती उलटी केली. मागे शिक्का होता, गोल, निळा, सरकारी.
वकील नव्हताच. मीच टाइप केलं:
कुऱ्हाड सरकारची असेल
तर तिला क्रमांक देणारी फौज कुणाची?

दोन वेळा तारीख पडली. तिसऱ्या वेळी
न्यायाधीश चष्मा पुसत म्हणाले,
हे प्रकरण या न्यायालयाच्या अधिकारात येतं.

बाहेर उन्हात खमीसनं विचारलं, "जिंकलो?"
"नाही. तुझं ऐकायचं ठरलंय."
"मग चौदा महिने काय चाललं होतं?"
"ऐकायचं कुणी, ते."
तो गप्प. मग मीच म्हणालो, मराठीत, हद्द झाली.
त्याला तेवढा शब्द कळला, त्याच्या अर्थानं.
"हो," म्हणाला, "हद्द ठरली."

कुऱ्हाड आता पुरावा आहे.
निकाल लागेपर्यंत कोर्टाच्या कपाटात, कुलुपात.

फीचे पैसे मी घेतले नाहीत, सुकवलेली मुशी घेतली.
तो डोंगराकडे चालायला लागला,
उजवा हात हलत नव्हता,
मूठ अर्धीच मिटलेली,
दांडा मावेल एवढी.